ब्रसेल्सच्या टाउन हॉलचा टॉवर मधोमध का नाही?

ब्रसेल्स फिरून आलेले बरेच जण सांगतात की टाउन हॉलचा टॉवर मधोमध आला नाही म्हणून आर्किटेक्टने वरून उडी मारली. असं काहीही झालेलं नाहीये, कृपया हे पुढे पाठवू नका! मुळात बिल्डिंग एकदम बांधलीच नव्हती, डावी बाजू १४०२ च्या आसपास सुरू झाली, उजवी थेट १४४४ ला, आणि तिकडे रस्ता असल्यामुळे ती आखूडच ठेवावी लागली, मग टॉवर मधोमध येणार कसा? टॉवरचा आर्किटेक्ट यान व्हान रॉयसब्रुक याने तो १४५५ च्या सुमारास पूर्ण केला, तब्बल ९६ मीटर, दगडाचं इतकं नाजूक जाळीकाम की बघतच राहावं, आणि त्यानंतरही हा माणूस बरीच वर्षं मोठमोठ्या चर्चची कामं करत होता.