पीएफचे कुलूप: पैसे काढण्याच्या नियमांमागचा इतिहास

ऑक्टोबर 2025 मध्ये भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या (ईपीएफओ) विश्वस्त मंडळाने पीएफ काढण्याच्या 13 तरतुदी 3 गटांत बसवायचे ठरवले. गवगवा झाला तो मात्र एकाच आकड्याचा. नोकरी गेल्यावर सगळी रक्कम हातात पडायला आतापर्यंत 2 महिने थांबावे लागे, आता 12. बेकार झाल्याबरोबर 75 टक्के काढता येतील, 25 टक्के मागे राहतील, हा खुलासा नंतर आला आणि तोवर संताप होऊन गेला होता. याच निर्णयातल्या दुसऱ्या बदलाकडे, म्हणजे पेन्शनच्या हिश्श्याची प्रतीक्षा 2 महिन्यांवरून 36 महिन्यांवर नेण्याकडे, फारसे कोणी पाहिले नाही. लांब पल्ल्याच्या हिशेबात वजन त्याचेच जास्त आहे.

1952 मध्ये योजना आली ती कापड, सिमेंट, सिगारेट, कागद, लोखंड-पोलाद आणि अभियांत्रिकी या 6 उद्योगांपुरती, 6.25 टक्के वर्गणीवर. गिरणगाव त्यात पहिल्यापासून होते. तेव्हाचे कुलूप आजच्यापेक्षा कडक होते. ठरावीक वर्षांच्या आत नोकरी सोडणाऱ्याला मालकाच्या हिश्श्यातला काही भागच मिळे आणि उरलेला जप्त खात्यात जाई. ही जप्ती पुढे गेली, पण ‘मालकाचा हिस्सा म्हणजे पूर्णपणे आपला नव्हे’ हा विचार सरकारी फायलींमध्ये टिकून राहिला. 2016 मध्ये तो पुन्हा वर आला.

त्याआधीची दोन दशके पाहिली तर ‘नोकरी सुटली की पीएफ काढायचा’ ही सवय कुठून आली ते कळते. लोकांना धीर नाही असे म्हणणे सोपे आहे. खरे कारण कारकुनी होते. प्रत्येक कंपनीत नवा पीएफ नंबर मिळे. जुने खाते नव्यात वळवायला फॉर्म 13 भरायचा, त्यावर मालकाची सही घ्यायची, मग जुन्या पीएफ कार्यालयाने ‘अनेक्श्चर के’, म्हणजे खात्याच्या हिशेबाचा कागद, नव्या कार्यालयाला पाठवायचा. त्यात महिनोन्‌महिने जात आणि कागद हरवला तर पुन्हा पहिल्यापासून. याउलट फॉर्म 19 (पीएफ काढण्याचा) आणि 10सी (पेन्शनचा हिस्सा काढण्याचा) भरले की पैसे थेट बँकेत. पुण्या-मुंबईत दर 3 वर्षांनी कंपनी बदलणाऱ्याने दुसरा रस्ता धरला तर त्याला उधळ्या म्हणणे अन्यायाचे होईल. युएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा सभासदाचा एकच क्रमांक, ऑक्टोबर 2014 मध्ये आला, तोपर्यंत निष्क्रिय खात्यांत सुमारे 27 हजार कोटी रुपये पडून असल्याचे सांगितले जात होते. भरीस भर म्हणजे एप्रिल 2011 पासून 36 महिने वर्गणी न आलेल्या खात्यांचे व्याजच बंद केले गेले होते. ते 2016 च्या अखेरीस पुन्हा सुरू झाले. धीर धरणाऱ्यालाच शिक्षा देणारा याहून ठळक नियम या इतिहासात सापडत नाही.

आता 2016. त्या वर्षी अडीच महिन्यांत दोन वेगवेगळे निर्णय झाले, दोन्ही मागे घेतले गेले आणि लोकांच्या आठवणीत ते एकच होऊन बसले. त्यामुळे ते वेगळे करून पाहावे लागतात.

पहिला 10 फेब्रुवारीच्या अधिसूचनेचा. 2 महिने बेकार राहिलेल्या सभासदाने स्वतःची वर्गणी आणि तिच्यावरचे व्याज न्यावे, मालकाचा हिस्सा 58 व्या वर्षापर्यंत खात्यात राहावा. दुसरा 29 फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पातला. 1 एप्रिल 2016 नंतरच्या वर्गणीतून जमणाऱ्या रकमेचे 40 टक्के करमुक्त, उरलेल्या 60 टक्क्यांची ॲन्युइटी (ठरावीक काळाने उत्पन्न देणारी योजना) घेतली नाही तर त्यावर कर. कर मुद्दलावर की फक्त व्याजावर, यावर आठवडाभर खुलासे येत राहिले आणि 8 मार्चला प्रस्ताव मागे घेतला गेला. पहिला निर्णय कुलपाचा होता, दुसरा कराचा. पगारदार मध्यमवर्ग दुसऱ्यावर बोलला, पहिला गाजला तो बंगळुरूच्या कपडे शिवणाऱ्या कारखान्यांत.

18 आणि 19 एप्रिलला तिथल्या हजारो कामगार, बहुतेक स्त्रिया, रस्त्यावर उतरल्या. बस जाळल्या गेल्या, पोलीस ठाण्यावर हल्ला झाला. अंमलबजावणी आधी 31 जुलैपर्यंत लांबणीवर टाकली आणि 19 तारखेलाच अधिसूचना रद्द झाली.

अडकणार किती होते? कामगाराचे 12 टक्के, मालकाचेही 12, पण त्यातले 8.33 टक्के पेन्शन योजनेत जातात, पीएफमध्ये पडतात 3.67. मूळ पगार 8,000 रुपये धरला तर महिन्याला सुमारे 294 रुपये, 5 वर्षांत व्याजाशिवाय साधारण 17,600. एकूण पीएफ वर्गणीच्या 15.67 पैकी 3.67, म्हणजे 23 टक्क्यांच्या थोडे वर. 2025 मध्ये मागे ठेवायला सांगितलेला 25 टक्क्यांचा वाटा जवळपास तेवढाच आहे, फक्त आता तो मालकाच्या नावाने ओळखला जात नाही आणि 58 व्या वर्षाऐवजी 12 महिन्यांच्या बेकारीनंतर सुटतो. आमच्या मते 2016 चा नियम हेतूने चुकीचा नव्हता, पण 58 व्या वर्षापर्यंत यंत्रावर टिकणे ज्या कामात विरळा, तिथे तो मजुरी अडकवणारा ठरला. शिवाय हा पैसा आपल्याच पगाराचा भाग आहे अशी कामगारांची धारणा, आणि कंपन्या तो ‘सीटीसी’त, म्हणजे कर्मचाऱ्यावरच्या एकूण खर्चातच मोजत असल्याने ती खोटीही नव्हती.

पुढे वारे उलटे वाहिले. डिसेंबर 2018 मध्ये 1 महिन्याच्या बेकारीनंतर 75 टक्के काढायची मुभा मिळाली. मार्च 2020 मध्ये कोविडसाठी 3 महिन्यांचे मूळ वेतन व महागाई भत्ता किंवा शिल्लकीच्या 75 टक्के, यातले जे कमी ते, परतफेडीशिवाय. 2021 मध्ये तेच पुन्हा एकदा. नियमांत याला ‘ॲडव्हान्स’ म्हणतात म्हणून अनेकांना ते कर्ज वाटते. तसे नाही, गेलेली रक्कम परत भरायची सोयच नाही. जून 2025 मध्ये माणसाच्या तपासणीशिवाय आपोआप मंजूर होणाऱ्या ॲडव्हान्सची मर्यादा 1 लाखावरून 5 लाखांवर गेली. बदली सोपी व्हायला मात्र जानेवारी 2025 उजाडले, तेव्हा बहुतेक प्रकरणांत मालकाची मंजुरी गरजेची राहिली नाही.

काढणे आणि बदलणे यातला फरक आकड्यांत असा. मूळ पगार 15,000, दरमहा पीएफमध्ये 2,350, व्याजदर 8.25 टक्के, तर 5 वर्षांनी सुमारे 1 लाख 72 हजार. हीच रक्कम नव्या खात्यात वळवून आणखी 25 वर्षे त्याच दराने राहिली तर साडेबारा लाखांच्या आसपास. दर तसाच राहील याची हमी नाही. 2000 पर्यंतची 11 वर्षे तो 12 टक्के होता, 2021-22 मध्ये 8.1. सलग 5 वर्षांच्या सेवेआधी काढल्यास कर लागतो, आणि रक्कम 50,000 च्या वर असेल तर टीडीएस आधीच कापला जातो. बदली केली तर जुनी सेवाही या 5 वर्षांत मोजतात. बदली न करता खाते नुसते सोडून दिले तर नोकरी सुटल्यानंतरचे व्याज करपात्र ठरू शकते.

बदली अडते ती ठरावीक जागी: आधार आणि पीएफमधल्या नावाचे स्पेलिंग वेगळे, जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख न भरणे (2 महिन्यांनंतर ती सभासदाला स्वतः भरता येते), दोन युएएन, किंवा दोन नोकऱ्यांच्या तारखा एकमेकींवर चढणे.

पेन्शनचा हिस्सा वेगळ्याच हिशेबाने चालतो. तिथे व्याज जमत नाही, वर्षे जमतात. 10 वर्षे झाली की पेन्शनचा हक्क, आणि साडेनऊ वर्षे 10 धरली जातात. सूत्र: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षे भागिले 70. एका ठिकाणी 6 आणि दुसरीकडे 8 वर्षे काम करून दोन्ही वेळा 10सी भरून पैसे उचलणाऱ्याच्या खात्यात शून्य वर्षे उरतात. त्याच 14 वर्षांसाठी सेवा जोडली असती, किंवा 10सी वरच पैशांऐवजी योजना प्रमाणपत्र (सेवेची वर्षे राखून ठेवणारा दाखला) मागितले असते, तर पेन्शनपात्र पगाराच्या 15,000 च्या मर्यादेवर 58 नंतर महिना 3,000 रुपये. 2 महिन्यांच्या मुदतीत नोकरी शोधणारा माणूस 10सी सहज भरून टाकतो. 36 महिन्यांत त्याला बहुधा दुसरी नोकरी लागलेली असते आणि मागची वर्षे तशीच तिच्याशी जोडली जातात.