सिरो सर्वेक्षण (नागपूर)

साथीचा विषाणू लोकांमध्ये किती दूरवर पसरून गेला, हे त्यांच्या रक्तातील प्रतिपिंडांवरून, म्हणजे विषाणूशी लढायला शरीर तयार करते त्या प्रथिनांवरून, ताडण्याची पद्धत. रक्त गोठल्यावर वर जे पिवळसर पाणी उरते ते रक्तजल, म्हणजेच सीरम. त्यावरून ‘सिरो’ हा शब्द आला. कोविड-१९ च्या काळात तो वर्तमानपत्रांतून थेट चहाटपरीवर पोहोचला, आणि अर्थाची बरीच ओढाताण होऊन.

आरटीपीसीआर चाचणी नाकाघशातल्या स्रावात विषाणूचा अंश शोधते. नागपूरच्याच ‘नीरी’ने (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने) २०२१ मध्ये पुढे आणलेले मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांचे तंत्रही त्याच कामाचे. या चाचण्यांना आजचा संसर्ग दिसतो. प्रतिपिंडे मात्र पावलांच्या ठशांसारखी असतात: पाहुणा निघून गेल्यावरही ती राहतात. आयजीजी प्रकारची प्रतिपिंडे संसर्गानंतर साधारण दोन आठवड्यांनी चाचणीत सापडू लागतात आणि काही महिने टिकतात. त्यामुळे ऑक्टोबरात काढलेले रक्त सप्टेंबरपर्यंतची हकीकत सांगते, ऑक्टोबरची नव्हे.

प्रयोगशाळेतले काम एलायझा पद्धतीने चालते. शिरेतून तीन ते पाच मिलिलिटर रक्त घ्यायचे, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून रक्तजल वेगळे करायचे आणि शहाण्णव खळग्यांच्या प्लेटमध्ये विषाणूच्या प्रथिनावर ते सोडायचे. प्रतिपिंड असेल तर ते चिकटते, पुढच्या टप्प्यात रंग येतो आणि यंत्र त्या रंगाची गडदता मोजते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने मे २०२० मध्ये ‘कोविड कवच’ हा देशी संच तयार केल्यावर भारतात अशी सर्वेक्षणे मोठ्या प्रमाणावर करणे शक्य झाले.

खरी परीक्षा प्रयोगशाळेबाहेर, दारावरची कडी वाजवताना होते. रुग्णालयात आलेल्यांचेच रक्त तपासले तर आकडा फुगतो; स्वतःहून पुढे येणाऱ्यांवर विसंबले तरी तीच गत. म्हणून वस्त्या आणि घरे चिठ्ठी टाकल्यासारखी निवडतात आणि घरातल्या एकाच माणसाचे रक्त घेतात. नागपूर महापालिकेच्या दहा झोनमध्ये धरमपेठ आणि सतरंजीपुरा दोन्ही येतात. एकात बंगले आणि फ्लॅट, दुसऱ्यात एकमेकांना खेटलेली घरे. एकीकडचा आकडा दुसरीकडे लावला तर शहराचे चित्रच बदलते. मुंबईत जुलै २०२० मध्ये तीन वॉर्डांत हा फरक स्पष्ट दिसला: झोपडपट्ट्यांत सुमारे ५७ टक्के, बाहेर १६ टक्के.

नागपुरात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. ११ मार्च २०२० रोजी शहरात पहिला रुग्ण सापडला. एप्रिलपासून सतरंजीपुरा आणि मोमिनपुरा ही संसर्गाची केंद्रे ठरली आणि तिथल्या शेकडो लोकांना आमदार निवासासह निरनिराळ्या केंद्रांत अलगीकरणासाठी हलवले गेले. ज्या वस्तीने शेजारचे घरच्या घर बसमध्ये बसताना पाहिले, तिथे ‘फक्त थोडे रक्त हवे’ हे वाक्य सहज पटत नाही. निकाल पॉझिटिव्ह आला तरी कोणाला कुठे नेणार नाहीत, कारण तो जुन्या संसर्गाचा आहे, हे पहिल्या मिनिटात सांगणे म्हणूनच पद्धतीचाच भाग मानावे लागते. नकार देणारे सगळे एकाच वस्तीतले असतील तर पुढचे कुठलेही गणित ती भोके बुजवू शकत नाही.

चाचणीतली चूक मात्र गणिताने दुरुस्त होते. समजा, चाचणी शंभर बाधितांपैकी ९२ जणांना ओळखते आणि शंभर अबाधितांपैकी दोघांना चुकून बाधित ठरवते. पन्नास टक्के नमुने पॉझिटिव्ह आले तर खरे प्रमाण सुमारे ५३ टक्के निघते, म्हणजे आकडा वर सरकतो. पण तीनच टक्के आले तर खरे प्रमाण जेमतेम एक टक्का. साथ कोवळी असताना अशा सर्वेक्षणाने फसवण्याचा धोका म्हणूनच अधिक असतो.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने (आयसीएमआर) देशातील ७० जिल्ह्यांत अशा सर्वेक्षणाच्या चार फेऱ्या केल्या. मे-जून २०२० मध्ये प्रौढांत ०.७३ टक्के लोकांना संसर्ग झाल्याचे दिसले, तर जून-जुलै २०२१ मधील चौथ्या फेरीत सहा वर्षांवरील ६७.६ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली. महाराष्ट्रातून बीड, परभणी, नांदेड, सांगली, अहमदनगर आणि जळगाव हे सहा जिल्हे त्यात होते, नागपूर नव्हते. शहराचा अंदाज घ्यायचा तर तो इथेच काढणे भाग होते. सप्टेंबरमध्ये पहिल्या लाटेने कळस गाठल्यानंतर, ऑक्टोबर २०२० मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने, म्हणजे नागपूरकरांच्या ‘मेडिकल’ने, जिल्ह्यात सिरो सर्वेक्षण केले. शहरात जवळपास निम्म्या लोकांत प्रतिपिंडे आढळली, ग्रामीण भागात बरीच कमी. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या २४ लाख. त्याचे निम्मे धरले तर बारा लाख; नोंदलेले रुग्ण तेव्हा साऱ्या जिल्ह्यात मिळून लाखाच्या आसपास होते. बहुतेकांना आपल्याला काही होऊन गेले याचा पत्ताही नव्हता.

हा आकडा ऐकून ‘आता अर्धे शहर सुटले’ असा निष्कर्ष काढणे सोपे होते, आणि चूकही. निम्मे बाधित याचा अर्थ निम्मे अजून बाकी, आणि ते शहरभर सारखे विखुरलेले नसतात: दाट वस्तीत थोडे, फ्लॅटसंकुलांत अधिक. शिवाय प्रतिपिंड सापडणे आणि पुन्हा संसर्ग न होणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये विदर्भात रुग्ण पुन्हा वाढू लागले, १५ ते २१ मार्च नागपुरात टाळेबंदी लागली आणि एप्रिलमध्ये जिल्ह्यात एका दिवसात सात हजारांवर नवे रुग्ण नोंदले गेले. ब्राझीलच्या मानाउस शहरातही तेच घडले: ऑक्टोबर २०२० पर्यंत तीन चतुर्थांश लोक बाधित झाल्याचा अंदाज निघाला होता, तरी जानेवारीत दुसरी लाट आली.

१६ जानेवारी २०२१ पासून लसीकरण सुरू झाल्यावर सर्वेक्षणाचा प्रश्नच बदलला. कोविशिल्ड केवळ काटेरी (स्पाइक) प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. त्यामुळे विषाणूच्या आतल्या न्यूक्लिओकॅप्सिड प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे सापडली तर ती संसर्गाची, एवढे म्हणता येते. कोव्हॅक्सिन मात्र निष्क्रिय केलेल्या संपूर्ण विषाणूपासून बनते. ती घेतलेल्या माणसाच्या रक्तात दोन्ही प्रकारची प्रतिपिंडे येऊ शकतात, आणि मग संसर्ग कोणता, लस कोणती, हे रंग बदललेल्या खळग्याकडे पाहून सांगता येत नाही. घरी जाऊन लसीचे प्रमाणपत्र मागावे लागते.