लेखनाचा निकषतक्ता : मराठवाड्यातील शालेय मराठीच्या संदर्भात

निबंध, पत्र, बातमी असे लेखन कोणत्या अंगांनी आणि किती पायऱ्यांवर जोखायचे हे आधीच मांडून ठेवणारा तक्ता. शिक्षकांच्या बोलण्यात त्याला ‘रुब्रिक’ म्हणतात. उभ्या बाजूला आशय, मांडणी, शब्दनिवड, शुद्धलेखन असे निकष, आडव्या बाजूला तीन-चार पायऱ्या आणि प्रत्येक चौकटीत त्या पायरीवरचे लेखन कसे दिसते याचे वर्णन असते. चौकटीत नुसते ‘चांगले’, ‘बरे’ लिहिले तर त्याला निकषतक्ता म्हणता येत नाही.

लॅटिन ‘रुब्रिका’ म्हणजे लाल माती. हस्तलिखितांतील शीर्षके लाल रंगात लिहीत, त्यावरून हा शब्द आला. आपल्या पोथ्यांतही श्लोकांचे आकडे आणि अध्यायाची समाप्ती गेरूने किंवा हिंगुळाने उठवून दाखवत.

तक्त्याची गरज का भासली हे १९६१ मधील एका अमेरिकी अभ्यासाने दाखवले. पॉल डीडरिक आणि सहकाऱ्यांनी ३०० निबंध ५३ परीक्षकांकडून नऊ पायऱ्यांवर तपासून घेतले. ९४ टक्के निबंधांना सात किंवा त्याहून अधिक वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या. परीक्षकांपैकी कोणी कल्पनेला महत्त्व देत होते, कोणी मांडणीला, कोणी शुद्धलेखनाला. पुढे लेखनशिक्षणाचे अमेरिकी अभ्यासक जॉर्ज हिलॉक्स यांनी १९८६ मध्ये अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात निकष वापरून इतरांचे लेखन तपासणाऱ्या विद्यार्थ्यांचे स्वतःचे लेखनही सुधारलेले दिसले. सुटे व्याकरण शिकवण्याचा मात्र तसा उपयोग दिसला नाही.

महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रगतिपत्रकात विद्यार्थ्याने स्वतःचे आणि सोबत्याचे केलेले मूल्यमापनही धरले आहे. पण छापील तक्ता वाटल्याने लेखन पारखण्याची नजर येत नाही. ती घडवावी लागते. वर्गात नाव झाकलेले दोन निबंध वाचून दाखवावेत. समजा विषय ‘आमच्या गावचा दुष्काळ’ आहे. एकाची सुरुवात ‘पाणी म्हणजे जीवन’ अशी होते आणि तो शेवटपर्यंत त्याच वळणाने जातो. दुसऱ्यात टँकरचा भोंगा, घागरींची रांग आणि २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आलेली पाण्याची रेल्वे आहे. ‘कोणता आवडला?’ यापेक्षा ‘का आवडला?’ हा प्रश्न मोलाचा. ‘दुसऱ्यातली रांग डोळ्यापुढं येती’ असे एखादी मुलगी म्हणाली की तेच वाक्य आशयाच्या वरच्या चौकटीत जसेच्या तसे लिहावे. मुलांच्या शब्दांत बनलेला तक्ता मुलांना वाचता येतो. त्यानंतर सगळ्यांनी एकच निबंध तपासावा आणि जिथे गुण जुळत नाहीत तिथे निबंधातल्या ओळीवर बोट ठेवून भांडावे. खरे शिकणे या भांडणात होते. मग सोबत्याची वही आणि सर्वांत शेवटी स्वतःची.

दोस्ताला झुकते माप देणे हा नेहमीचा दोष. प्रत्येक श्रेणीपुढे निबंधातील एक ओळ पुरावा म्हणून उतरवायला लावली की तो बराच कमी होतो. तक्ता पाठ करून त्याबरहुकूम लिहिणे हा दोष अधिक खोल आहे. त्यावर दरवर्षी नव्या वर्गाने नवा तक्ता करणे हाच उपाय दिसतो. ऊसतोडीला आई-बापांसोबत जाणारी मुले दिवाळीनंतर कित्येक महिने शाळेपासून दूर असतात. त्यांच्या वहीत चिकटवलेला तक्ता शिक्षक जवळ नसतानाही उपयोगी पडू शकतो.

मराठवाड्यात तक्त्यातील सर्वाधिक जपून लिहावी अशी ओळ भाषेची आहे. ‘टँकर आला अन् माय घागर घेऊन पळायली’ हे वाक्य जुन्या पद्धतीने तपासले तर ‘पळायली’वर लाल रेघ पडते आणि त्या रेघेखाली अख्खे चित्र झाकले जाते. ‘मव्हं’ (माझं), ‘जायलो’ (जातोय), ‘काहून’ (का) ही रूपे निष्काळजीपणातून आलेली नाहीत. ती घरची बोली आहे. म्हणून आशय आणि प्रमाणलेखन यांच्या ओळी पूर्ण वेगळ्या ठेवाव्यात, म्हणजे एकीतला उणेपणा दुसरीचे गुण खात नाही. कथेतील संवादात बोली हे बलस्थान धरावे, अर्जात प्रमाण रूपाची अपेक्षा ठेवावी आणि अनुभवलेखनाच्या निवेदनात काय चालेल ते वर्गाने आधी ठरवून तक्त्याच्या तळाशी लिहावे.