ॲपनिहाय आवाजनियंत्रण

डेस्कटॉप संगणकावर चालणाऱ्या एकेका ॲपचा आवाज बाकीच्यांना धक्का न लावता कमी-जास्त करण्याची सोय.

उगम : या सोयीचे श्रेय सहसा विंडोज व्हिस्टाला (सर्वसाधारण ग्राहकांसाठी २००७) दिले जाते. मात्र वेगवेगळ्या ध्वनिप्रवाहांची (ॲपकडून यंत्रणेकडे जाणाऱ्या एकेका आवाजाची) पातळी स्वतंत्रपणे बदलणे त्याआधीही शक्य होते. लिनक्सवरील ग्नोम या डेस्कटॉपच्या आरंभीच्या आवृत्त्यांत वापरल्या गेलेल्या ईसाउंड या ध्वनिसेवेत प्रत्येक प्रवाहाची डावी-उजवी पातळी ठरवता येई. प्रोग्रॅमर लेनार्ट पोटरिंग यांची पॉलिपऑडिओ ही लिनक्सवरील ध्वनिसेवा २००४ च्या सुमाराची. २००६ मध्ये तिचे नाव पल्सऑडिओ झाले. त्यामुळे मूळ तंत्र व्हिस्टाचे मानता येत नाही. त्या तंत्राचे स्लायडर रोजच्या वापरातल्या डेस्कटॉपवर आणले ते मात्र व्हिस्टाने, असे म्हणणे अधिक सयुक्तिक.

मुख्य पातळीशी नाते : रचनेतील खरा वाद येथे आहे. एका पद्धतीत ॲपची पातळी आणि उपकरणाची (म्हणजे मुख्य) पातळी यांचा गुणाकार होतो. दुसरीत, म्हणजे पल्सऑडिओच्या ‘फ्लॅट व्हॉल्यूम’ पद्धतीत, उपकरणाची पातळी सर्वांत मोठ्या आवाजाच्या प्रवाहाबरोबर चालते. उपकरण ४० टक्क्यांवर असताना एखाद्या ॲपने स्वतःसाठी १०० टक्के मागितले, तर उपकरणच १०० वर जाते. हेडफोन लावलेल्याच्या कानाला हे घातक ठरू शकते. उबुंटूसह काही लिनक्स वितरणांनी (लिनक्सच्या तयार संचांनी) ही पद्धत बंद ठेवली, ते योग्यच झाले. व्हिस्टाच्या मिक्सरमध्येही (ॲपचे स्लायडर दाखवणाऱ्या खिडकीतही) ॲपचा स्लायडर वर ओढला की मुख्य स्लायडर चढत असे. परंतु तो वापरकर्त्याच्या हाताने. ॲपने स्वतःहून आपली पातळी बदलली, तर ती मुख्य पातळीच्या आतच राही. हा फरक तुलना करताना बरेचदा सुटतो.

टक्क्यांचा अर्थही सरळ नाही. पल्सऑडिओ घनसूत्र (टक्क्यांचा घन) वापरते, म्हणून ५० टक्क्यांवर आयाम (ध्वनिलहरीची उंची) ०.१२५ पट उरतो, म्हणजे सुमारे १८ डेसिबल खाली. कानाला बदल एकसारखा वाटावा, हा त्यामागचा हेतू.

ॲपची ओळख : स्लायडर ॲपच्या नावाने दिसतो, पण यंत्रणेला दिसतात ते प्रवाह. ब्राउझरच्या अनेक टॅबना एक स्लायडर द्यावा की अनेक, याचे सर्वमान्य उत्तर नाही. सूचनेचा ‘टिंग’ तर हात माऊसवर जाण्याआधीच संपतो. म्हणून अशा आवाजांना एक कायमचा सामाईक स्लायडर देतात. पातळी लक्षात ठेवताना पल्सऑडिओ आधी प्रवाहाची भूमिका (तो संगीत, सूचना वगैरे कशासाठी आहे) पाहते, मग ॲपचे नाव. परिणामी ‘संगीत’ अशी भूमिका सांगणाऱ्या दोन वेगळ्या ॲपची पातळी एकच होऊन बसते.

फेडोरा या लिनक्स वितरणात ३४ व्या आवृत्तीपासून (२०२१) पल्सऑडिओची जागा पाइपवायर या नव्या ध्वनिसेवेने घेतली. जुने मिक्सर त्यावरही चालतात. मॅकओएसमध्ये अशी अंगभूत सोय दीर्घकाळ नसल्याने तेथे वापरकर्ते इतरांनी बनवलेल्या ॲपवर अवलंबून राहिले.