चप्पल चावते, हे कळणारा पाय

२०२५च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाच्या मॉडेल्सच्या पायांत कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली आणि आपल्याकडे एकच गलका झाला. भौगोलिक मानांकन असलेल्या चपलेचं नावही घेतलं नाही, तेव्हा राग रास्तच होता. पण त्यानंतर 'चामडं थंड असतं, शुगरवाल्यांनी कोल्हापुरीच घालावी' असा सल्लाही कानावर येऊ लागला. तो मात्र धोक्याचा आहे.

नवी कोल्हापुरी चावते, हे इथल्या पोरालाही ठाऊक. अंगठ्यापाशी घासू लागलं की आपण नकळत पाऊल तिरपं टाकतो, थोडं लंगडतो, शेवटी चप्पल काढून हातात घेतो. अगदी मऊ बुटातही हे चालूच असतं. तळव्याचा एक भाग चालून चालून हुळहुळा झाला की शरीर गुपचूप भार दुसरीकडे सरकवतं. दर पावलाला चाल दुरुस्त करणारी ही वेदना मधुमेहात हरवते.

डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरमध्ये कुष्ठरुग्णांवर काम करताना दाखवून दिलं, की बोटं रोगामुळे 'झडत' नाहीत. संवेदना गेल्यामुळे होणाऱ्या दुखापतींनी ती जातात. पुढे अमेरिकेत उंदरांच्या तळव्यांवरच्या प्रयोगांत दिसलं, की जो दाब एकदा दिल्यास काहीच होत नाही, तोच एका जागी दिवसाकाठी हजारो वेळा दिला तर ऊती आधी सुजतात, मग फाटतात. म्हणजे जखमेला खिळाच लागतो असं नाही, रोजचं चालणं पुरतं.

पायच आधी का? तळव्याच्या चेतापेशीचं मुख्य शरीर कण्याजवळ असतं आणि तिचा तंतू, म्हणजे ॲक्सॉन, बोटांपर्यंत जवळपास मीटरभर लांब. लागणारा माल तिकडूनच पोचवायचा. जास्तीच्या साखरेने पेशीत सॉर्बिटॉल साचतं, चेतांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या बिघडतात आणि सर्वांत लांब तंतू सर्वांत आधी मरतात. म्हणून बधिरता दोन्ही पायांच्या बोटांपासून मोज्यासारखी वर चढते. स्नायूंच्या चेता गेल्या की बोटं वाकतात आणि त्यांच्यामागची हाडं तळव्यात रुततात. घामाच्या चेता गेल्या की टाचा भेगाळतात.

हाडं रुततात तिथे घट्टा येतो, घट्ट्याखाली रक्त साकळतं. तो ब्लेडने कापू नका, कॉर्न कॅप लावू नका. नजर लागली वाटत असेल तर मीठमोहऱ्या खुशाल ओवाळा, पण बिब्बा नको आणि कढत पाण्याचा शेकही नको. तळव्याची जखम निव्वळ मलमाने आणि इंजेक्शनने भरत नाही, तिच्यावरचा भार काढावा लागतो. गुडघ्यापर्यंतचं खास प्लास्टर त्यासाठीच असतं.

पायताण मऊ एमसीआर (मायक्रोसेल्युलर) रबराचं, पुढे रुंद, मागे पट्टा असलेलं हवं. अंगठ्यात अडकवायची वादी नसलेलं. घालण्याआधी आत हात फिरवून खडा नाही ना, ते बघा. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने, म्हणजे तळव्याला टेकवून स्पर्श कळतो का ते बघायच्या नायलॉनच्या तंतूने, तपासून घ्या. जखम नसताना एकच पाय गरम, लाल, सुजलेला दिसला तर मुरगळला समजून चोळत बसू नका. आत हाडं ढासळत असू शकतात, त्याच दिवशी दाखवा.

आणि चैत्रात जोतिबाला जाणार असाल तर भल्या पहाटे जा. दुपारच्या तापल्या फरशीवर बधिर पायाला फोड आलेला कळत नाही. घरी परतल्यावर तळवे आरशात बघा, नाहीतर सुनेला, नातवाला बघायला सांगा.