एनमॅप इन्स्टॉल करायचंय? आधी परवानगी बघा, मग आज्ञा

एनमॅप हे नेटवर्क तपासण्याचं कमांड लाइनवरचं टूल. एखाद्या मशीनवर कोणते पोर्ट (जोडणीची क्रमांकित दारं) उघडे आहेत, त्यांच्यामागे कोणती सर्व्हिस चालू आहे, नेटवर्कवर कितीजण जागे आहेत, हे ते सांगतं. गॉर्डन लायन यांनी सप्टेंबर १९९७ मध्ये ‘फ्रॅक’ मासिकाच्या ५१व्या अंकात त्याचा सोर्स कोड दिला. आजही ते विनामूल्य मिळतं.

‘इन्स्टॉल होत नाही’ म्हणून विचारणाऱ्यांच्या मशीनवर जाऊन पाहिलं, तर बऱ्याचदा एनमॅप आधीच बसलेलं असतं. घोडं अडलेलं असतं ते अधिकारापाशी. कधी ॲडमिनचा अधिकार नसतो, कधी ड्रायव्हर बसलेला नसतो, तर कधी ज्या नेटवर्कवर स्कॅन चाललंय तिथे तशी मुभाच नसते. म्हणून सुरुवात पात्रतेपासून करू.

पात्रता: दोन वेगवेगळे अधिकार

पहिला अधिकार तुमच्या स्वतःच्या मशीनवरचा. एनमॅपचा नेहमीचा स्कॅन, म्हणजे सिन स्कॅन, समोरच्या पोर्टला जोडणीचं फक्त पहिलं पॅकेट पाठवतो, उत्तर बघतो आणि जोडणी पूर्ण न करताच सोडून देतो. असं हाताने घडवलेलं पॅकेट पाठवायची मुभा ऑपरेटिंग सिस्टिम साध्या युजरला देत नाही. लिनक्स आणि मॅकवर त्यासाठी रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी युजर, लागतो, विंडोजवर खास ड्रायव्हर. रूट नसेल तर एनमॅप काही न बोलता कनेक्ट स्कॅन वापरतं, म्हणजे प्रत्येक पोर्टशी रीतसर पूर्ण जोडणी करतं. काम होतं, पण हळू, आणि समोरच्या सर्व्हिसच्या लॉगमध्ये नोंद राहायची शक्यता जास्त. ऑपरेटिंग सिस्टिम ओळखायला सांगितलंत, तर मात्र ते सरळ ‘रूट प्रिव्हिलेजेस लागतात’ म्हणून बंद पडतं.

दुसरा अधिकार नेटवर्कवरचा, आणि तो पासवर्डने मिळत नाही. स्वतःच्या घरचं राउटर, स्वतःचा सर्व्हर, स्वतःची लॅब असेल तर प्रश्न नाही. बाकी कुठेही, म्हणजे कामाच्या ठिकाणी, कॉलेजात किंवा भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर, नेटवर्क ज्याचं त्याची संमती हवी. ‘मी फक्त बघत होतो’ हे उत्तर सुरक्षा टीमला पटत नाही. शिवाय अनेक अँटीव्हायरस एनमॅपला ‘हॅक टूल’ ठरवून थेट आयटी विभागाला कळवतात. ऑफिसच्या लॅपटॉपवर ते गुपचूप राहील, या भ्रमात राहू नका.

कागदपत्रं

टूल उतरवायला एकही कागद लागत नाही. नोंदणी नाही, शुल्क नाही. लायसन्सची अट कंपन्यांना लागू होते, तीही एनमॅप आपल्या विक्रीच्या उत्पादनात घालायचं असेल तर. त्यासाठी वेगळं ओईएम (उत्पादकांसाठीचं) लायसन्स घ्यावं लागतं. स्वतः वापरणाऱ्याला त्याचा काच नाही.

जो एक कागद खरंच लागतो, तो म्हणजे स्कॅनची लेखी परवानगी. ईमेल चालतो, तोंडी ‘कर रे’ चालत नाही. त्यात कोणत्या आयपी पत्त्यांवर स्कॅन करायचं ते नेमकं लिहा. ‘आपलं सगळं नेटवर्क’ असं मोघम नको, ‘१९२.१६८.१०.०/२४’ असं हवं. कोणत्या तारखांना, किती ते किती वाजेपर्यंत, स्कॅन कोणत्या मशीनवरून निघेल आणि काही कोलमडलं तर फोन कोणाला करायचा, हेही त्यातच. सही अशा माणसाची हवी, ज्याच्याकडे ते नेटवर्क खरोखर आहे. शेजारच्या टेबलावरच्या सीनियरची सही असून नसून सारखीच. सर्व्हर क्लाउडवर असेल तर पुरवठादाराचं चाचणीविषयक धोरणही वाचा. ग्राहकाने होकार दिला म्हणून पुरवठादाराचा होकार आपोआप मिळत नाही.

बसवण्याची प्रक्रिया

एक खुलासा: खाली आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

लिनक्सवर सगळ्यात कमी कटकट. ‘सुडो’ म्हणजे पुढची आज्ञा रूटच्या अधिकाराने चालवणं. डेबियन, उबुंटू आणि मिंटवर ‘सुडो ॲप्ट अपडेट’ आणि मग ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल एनमॅप’. फेडोरावर ‘डीएनएफ इन्स्टॉल’, ओपनसुसेवर ‘झिपर इन्स्टॉल’, आर्चवर ‘पॅकमॅन’ला हायफन आणि मोठा एस. काली लिनक्सवर ते आधीच असतं. अल्पाइनवर मात्र एक खोच आहे: तिथे एनमॅपच्या जादा तपासण्यांच्या स्क्रिप्ट वेगळ्या ‘एनमॅप-स्क्रिप्ट्स’ पॅकेजमध्ये असतात, ते विसरलात तर टूल चालेल पण स्क्रिप्ट सापडणार नाहीत. डेबियनवर एनमॅपच्या जोडीचं एनकॅट हे जोडण्या करण्याचं टूल वेगळं बसवावं लागतं. स्नॅप, म्हणजे उबुंटूचं बंदिस्त पॅकेज, शक्यतो टाळा. स्नॅपच्या पेटीत बंद एनमॅपला नेटवर्कवर ताबा मिळत नाही, तो ‘स्नॅप कनेक्ट’ने हाताने द्यावा लागतो, आणि तोपर्यंत सुडो लावूनही नकारच येतो.

डिस्ट्रिब्युशनच्या भांडारातली आवृत्ती थोडी जुनी असते. डेबियन १२ मध्ये ७.९३ आहे, जी सप्टेंबर २०२२ मध्ये आली. रोजच्या कामाला ती पुरते.

मॅकवर होमब्रू हा पॅकेज मॅनेजर असेल तर ‘ब्रू इन्स्टॉल एनमॅप’. इथे सुडो लावू नका, ब्रू स्वतःच नकार देतो. सुडो लागतो तो नंतर, स्कॅन चालवताना. होमब्रू नको असेल तर अधिकृत साइटवरून डीएमजी फाइल घ्या, तिच्यात झेनमॅप हा खिडक्यांचा चेहराही मिळतो. मॅकने अनोळखी डेव्हलपरची तक्रार केली, तर सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त जाऊन ‘ओपन एनीवे’. पूर्वी राइट क्लिक करून उघडलं की भागायचं. २०२४ च्या सिकोया आवृत्तीपासून ती पळवाट बंद झाली.

विंडोजवर जरा थांबून. विंडोज १० किंवा ११ वर सेटअप फाइल चालवली की ती मध्येच दुसरा इन्स्टॉलर उघडते, एनपीकॅपचा. पॅकेट पाठवणारा आणि पकडणारा ड्रायव्हर तो हाच. हे भलतंच काय आलं, असं वाटून मी पहिल्यांदा कॅन्सल दाबलं होतं. एनमॅप छान बसलं, आवृत्तीही दाखवू लागलं, आणि पहिल्याच स्कॅनला इशाऱ्याची ओळ आली. अर्धा दिवस मी फायरवॉलला शिव्या घातल्या. फायरवॉलचा काडीचाही संबंध नव्हता.

त्या खिडकीत एक चौकोन ड्रायव्हर फक्त ॲडमिनपुरता ठेवण्याचा असतो. सामायिक मशीन असेल तर त्यावर जरूर खूण करा, मग स्कॅन करताना ॲडमिनचा अधिकार लागेल, म्हणून कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडलेला बरा. विन-पीकॅप या जुन्या ड्रायव्हरशी सुसंगत राहण्याचा पर्याय जुन्या प्रोग्रामांसाठी आहे. बाकी काही बदलू नका.

विंगेट या विंडोजच्या पॅकेज मॅनेजरनेही एनमॅप बसतं, पण तिथेच लोक फसतात. एनपीकॅपच्या विनामूल्य आवृत्तीला न विचारता, गुपचूप बसता येत नाही. ती सोय फक्त ओईएम आवृत्तीत आहे. त्यामुळे कोणत्याही पॅकेज मॅनेजरने न बोलता एनमॅप बसवलं, की एनपीकॅप मागे राहिला का हे तपासा आणि राहिला असेल तर हाताने बसवा. विनामूल्य एनपीकॅपला पाच मशीनची मर्यादा आहे, पण तो फक्त एनमॅप किंवा वायरशार्क या पॅकेट बघण्याच्या टूलसाठी वापरत असाल तर ती लागू होत नाही.

विंडोजमधल्या लिनक्सवर, म्हणजे डब्ल्यूएसएलवर, पहिल्या आवृत्तीत एनमॅपचे हे कच्चे पॅकेट चालत नाहीत. दुसऱ्या आवृत्तीत चालतात, पण नेहमीच्या मांडणीत ते मशीन नॅटच्या (पत्ते बदलणाऱ्या थराच्या) आड असतं, म्हणून घरच्या नेटवर्कवरची उपकरणं शोधायला विंडोजचंच एनमॅप बरं. अँड्रॉइडवर टर्मक्स या टर्मिनल ॲपमध्ये ‘पीकेजी इन्स्टॉल एनमॅप’. फोन रूट केलेला नसेल तर कनेक्ट स्कॅनवर समाधान मानायचं.

फाइल खरी आहे ना?

सर्च इंजिनमध्ये सगळ्यात वर दिसणाऱ्या जाहिरातीवरून कधीच उतरवू नका. पत्ता एकच, एनमॅप डॉट ऑर्ग. तिथे प्रत्येक फाइलची सही असते, ती ‘जीपीजी’ या सही तपासणाऱ्या टूलला ‘व्हेरिफाय’ सांगून पडताळता येते. पॅकेज मॅनेजर वापरत असाल तर ही पडताळणी तो स्वतःच करतो, आणि मला तोच मार्ग जास्त आवडतो.

चाचणी

नवी टर्मिनल खिडकी उघडा. जुन्या खिडकीला नवा पाथ (प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांची यादी) माहीत नसतो, आणि ‘कमांड सापडत नाही’ची निम्मी प्रकरणं इथेच मिटतात. ‘एनमॅप’, जागा, हायफन आणि मोठा व्ही. आवृत्ती दिसली की ‘एनमॅप लोकलहोस्ट’, म्हणजे स्वतःच्याच मशीनचा स्कॅन. काही न सांगता ते सर्वाधिक वापरातले १,००० टीसीपी पोर्ट बघतं.

बाहेरचं मशीन हवं असेल तर प्रकल्पाने मुद्दाम ठेवलेलं ‘स्कॅनमी डॉट एनमॅप डॉट ऑर्ग’ आहे. त्यावर स्कॅन करायची सर्वांना परवानगी आहे, पण दिवसातून मोजकीच; शंभरदा नको, असं त्यांनीच लिहून ठेवलंय.

‘होस्ट सीम्स डाउन’ आलं आणि मशीन चालू असल्याची खात्री असेल, तर समोरचा पिंगला, म्हणजे ‘आहेस का’ या हाकेला, उत्तर देत नसावा. हायफन, मोठा पी, लहान एन जोडून पुन्हा चालवा. विंडोजवर ‘डीनेट: फेल्ड टू ओपन डिव्हाइस’ अशी ओळ आली तर ॲडमिन प्रॉम्प्टवर ‘नेट स्टार्ट एनपीकॅप’. सर्व्हिस सापडतच नाही असं उत्तर आलं, तर तुम्हीही माझ्यासारखं कॅन्सल दाबलेलं आहे.

काम झाल्यावर ऑफिसच्या विंडोज मशीनवरून एनमॅप काढायचं असेल, तर प्रोग्रामांच्या यादीत एनपीकॅपची वेगळी नोंद बघा. वायरशार्क त्याच ड्रायव्हरवर चालतं, तेव्हा काढण्याआधी मशीन आणखी कोण वापरतं ते विचारून घ्या.