सत्तर-तीसचा हिशेब आणि नागपूरचे पालक : पार्श्वभूमी

नागपूरच्या नामांकित खासगी शाळांतले पालक मुलाच्या वैद्यकीय किंवा अभियांत्रिकी प्रवेशाची आखणी साधारणपणे आठवीत सुरू करतात आणि प्रवेश प्रत्यक्षात होतो पाच वर्षांनी. ज्या तुकडीच्या या पाच वर्षांत एकही नियम बदलला नाही, अशी तुकडी गेल्या दहा-बारा वर्षांत शोधूनच काढावी लागेल. दर जून-जुलैत ऐकू येणारी चिडचिड केवळ कमी गुणांची नसते. ज्या नियमाच्या भरवशावर पैसे, वेळ आणि मुलाची दोन वर्षे लावली, तो नियम दारात पोचल्यावर बदलल्याची ती असते.

या शहराला उच्च शिक्षणाचे अप्रूप नवे नाही. ‘मेडिकल’ म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७मध्ये सुरू झाले, आजच्या व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेचे मूळ महाविद्यालय १९६०मध्ये आले आणि मेयो रुग्णालयाला १९६८मध्ये महाविद्यालय जोडले गेले. या संस्थांतल्या जागा कोणाच्या, हा प्रश्न मात्र राज्यस्थापनेच्याही आधीचा आहे. विदर्भाला मराठी भाषकांच्या एका राज्यात आणण्यासाठी झालेल्या २८ सप्टेंबर १९५३च्या नागपूर करारात तांत्रिक आणि व्यावसायिक शिक्षणात विदर्भाला न्याय्य वाटा देण्याचे कबूल करण्यात आले होते आणि पुढे राज्यघटनेच्या कलम ३७१(२)मध्येही त्याची दखल घेतली गेली. १९८४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निव्वळ रहिवासाच्या आधारावर सगळ्याच जागा राखून ठेवता येणार नाहीत, असे सांगितले. शासकीय महाविद्यालयांतल्या १५ टक्के एमबीबीएस जागा आज अखिल भारतीय कोट्यात जातात, त्याचे मूळ तिथे आहे.

खरी धावपळ २०१३नंतरची. त्या वर्षी वैद्यकीय प्रवेशासाठी देशभर नीट ही एकच परीक्षा झाली, जुलैमध्ये ती रद्द ठरली आणि महाराष्ट्र पुढची दोन वर्षे पुन्हा स्वतःच्या सीईटी या प्रवेश परीक्षेकडे वळला. अभियांत्रिकीत नेमके उलटे झाले : २०१४ आणि २०१५मध्ये राज्याच्या जागांनाही जेईई मेन ही देशपातळीवरची परीक्षा लावली गेली आणि २०१६मध्ये सीईटी परत आली. एप्रिल २०१६मध्ये न्यायालयाने नीट पुन्हा उभी केली, मे अखेरीस अध्यादेश निघाला आणि त्या वर्षापुरत्या राज्याच्या जागा सीईटीवर भरल्या गेल्या. बारावीचा अभ्यासक्रम आणि उणे गुण नसलेली सीईटी डोळ्यांसमोर ठेवून तयारी केलेल्या मुलांना, अकरावीही धरणारी आणि चुकीच्या उत्तराला गुण कापणारी नीट ऐन उन्हाळ्यात समोर दिसली, हे ज्यांच्या घरात घडले ते अजून विसरलेले नाहीत.

तरीही नागपुरात सर्वाधिक कडवटपणा मागे ठेवला तो ‘सत्तर-तीस’ने. अखिल भारतीय कोटा वजा जाता राज्याकडे उरलेल्या वैद्यकीय जागांपैकी ७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्या विद्यार्थ्यांसाठी आणि ३० टक्के राज्यभरासाठी खुल्या, अशी ही पद्धत होती. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन विभाग मानले जात. ढोबळ हिशेबाने २०० जागांच्या महाविद्यालयात ३० जागा देशासाठी गेल्या की १७० उरत आणि त्यांतल्या ११९ विभागाच्या वाट्याला येत. सामाजिक आरक्षण या दोन्ही भागांत वेगळे लागू होई.

गोंधळ होता तो ‘विभागातला’ या शब्दाचा. पुष्कळ पालक तो शब्द डोमिसाइलशी, म्हणजे अधिवासाच्या दाखल्याशी, जोडत आणि सेतू केंद्रातून काढलेल्या दाखल्यावर निर्धास्त राहत. वास्तविक डोमिसाइल राज्याचे असते, विदर्भाचे किंवा मराठवाड्याचे नव्हे. विभाग ठरत असे तो बारावी कुठल्या महाविद्यालयातून झाली यावर. त्यामुळे नागपुरात जन्मलेली आणि इथेच दहावी झालेली मुलगी बारावीला लातूरला गेली, तर ती मराठवाड्यात मोजली जाई आणि लातूरचा मुलगा इथल्या महाविद्यालयात बारावी करून विदर्भाचा ठरे. भूमिपुत्रांसाठीची म्हणून मिरवली गेलेली ही तरतूद प्रत्यक्षात हजेरीपटाची होती, हे तिच्या समर्थकांनीही मान्य करायला हवे.

विरोध मुख्यतः मराठवाड्यातून आला. शासकीय वैद्यकीय महाविद्यालये तेव्हा तिकडे चार होती, तर विदर्भात नागपूरची दोन, यवतमाळ, अकोला आणि अलीकडची चंद्रपूर व गोंदिया अशी सहा. लातूर-नांदेडकडच्या शिकवण्यांतून मोठ्या संख्येने वरचे गुण येत असताना, जास्त गुणांचा मुलगा बाहेर आणि कमी गुणांचा आत, हे त्यांना पटणे अवघडच होते. आक्षेप रास्त होता. पण जागा मागास भागाचा अनुशेष भरून काढण्यासाठी दिल्या गेल्या, हा विदर्भाचा युक्तिवादही तितकाच रास्त होता आणि त्याला मिळायला हवा होता तेवढा वेळ कुणी दिला नाही.

८ सप्टेंबर २०२० रोजी राज्य सरकारने ही पद्धत रद्द केल्याचे विधिमंडळात जाहीर केले. त्या वर्षीची नीट १३ सप्टेंबरला होती. दुसऱ्याच दिवशी, ९ सप्टेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला स्थगिती दिली. परीक्षेला चार दिवस उरले असताना जागांचे दोन्ही हिशेब मोडले.

रामदासपेठेतल्या एका पालकांची दोनशे पानी वही मी पाहिली आहे. प्रत्येक वर्षासाठी एक पान, पानावर पट्टीने आखलेले दोन रकाने, डावीकडे ‘विदर्भ’, उजवीकडे ‘राज्य’, आणि खाली मेडिकल, मेयो, यवतमाळ, अकोला या क्रमाने प्रत्येक प्रवर्गाचा शेवटचा गुण लाल शाईत. २०१७, २०१८, २०१९ अशी पाने भरलेली आहेत. २०२०चे पान आधीच आखून ठेवलेले होते. त्याचा डावा रकाना कोरा राहिला.

सत्तर-तीस गेले, पण त्याच्या आगेमागे वाढलेली व्यवस्था गेली नाही. वैद्यकीय प्रवेशासाठी बारावीचे गुण पात्रतेपुरतेच होते आणि जेईई मेनमध्ये २०१३पासून बारावीला असलेला ४० टक्के भार २०१७मध्ये निघाला. तेव्हापासून अकरावी-बारावीचा वर्ग नावापुरता झाला. दहावीपर्यंत सीबीएसई आणि अकरावीला शिकवणी वर्गाशी ‘टायअप’ असलेले राज्य मंडळाचे कनिष्ठ महाविद्यालय, हा नागपुरी शिरस्ता त्यातून पक्का होत गेला. जून २०१८मध्ये नागपूरसह काही विभागांतल्या विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरी सक्तीची करण्यात आली. यंत्रे लागली, वर्ग भरले नाहीत.

अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रक्रिया नागपुरात २०१७-१८पासून आली, पण ती महापालिकेच्या हद्दीपुरतीच. हद्दीबाहेरची महाविद्यालये थेट प्रवेश देऊ शकत असल्याने टायअपची वाट तिकडे वळली आणि शहराच्या मध्यवस्तीत राहणाऱ्या मुलांची नावे हिंगणा-कामठीच्या बाजूच्या पटांवर चढू लागली. २०२५-२६पासून ही प्रक्रिया राज्यभर लागू झाली, तेव्हा ती पळवाट अरुंद झाली. आता शिकवणी वर्गातून पहिल्या पसंतीला कोणत्या महाविद्यालयाचा क्रमांक भरायचा ते सांगितले जाते आणि यादीत दुसरेच महाविद्यालय लागले की भांडण शिकवणीवाल्यांशी होते.

शिकवणीसाठी राजस्थानातल्या कोटा शहरी जाणाऱ्यांनाही यातून सुटका नाही. राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी, काही अपवाद वगळता, दहावी आणि बारावी महाराष्ट्रातूनच झालेली लागते. म्हणून मुलगा राजस्थानात आणि त्याचे नाव नागपूरच्या पटावर, अशी दोन बिऱ्हाडे आजही चालतात. बारावीच्या प्रात्यक्षिकांच्या दिवसांत ही मुले गाडीने येतात, कधीच न पाहिलेल्या प्रयोगशाळेची वाट शिपायाला विचारतात आणि वर्गातल्या कुणाची तरी जर्नल बघून आपली पूर्ण करत बसतात.